निबंधाच्या कॉलरी

आदरणीय दादांना,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी ठणठणीत आहे आणि प्रचंड संतापलेला आहे. तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ नसता तर हे पत्र पुष्कळ वाईट शब्दांत लिहिलं असतं.

आग तुम्हीच लावलीत. बेचाळिसाव्या वर्षी तिला राहिलेली परीक्षा द्यावीशी वाटली, माझी काही हरकत नव्हती (थोडी होती). पण तुम्ही पडलात मास्तर. निबंधाच्या संज्ञांची वही तिच्या हातात दिलीत आणि माझ्या घरातली शांतता संपली. मी म्हणावं, सकाळपासून मशीनवर बसलोय, त्यात हा उकाडा, पाठ धरलीय, तर म्हणे, प्रस्तावना पुरे, मुद्द्यावर या. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हटलं की आतून आवाज, "अतिशयोक्ती!" गिऱ्हाईक हसतं आणि मी दातओठ खातो.

आता त्या दिवसाचं. बँडवाल्यांचे बारा कोट द्यायचे होते. कॉलरींचे नमुने कापायला जाड कागद हवा होता, आणि माझ्याच टेबलावर चार कागद पडलेले, जाड, पांढरे, वरून कोरे. कोणता शिंपी ते उलटून बघेल? मी नाही बघितले. तो तिचा निबंध निघाला, सात वेळा खोडून आठव्यांदा सुवाच्य उतरवलेला, शुक्रवारी वर्गात द्यायचा. कच्चे कागद तिनं आधीच फाडून टाकलेले. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. तिनं सरळ पिशवी भरली आणि तुमच्याकडे आली.

मी माफीचं पत्र पाठवलं (आयुष्यात पहिल्यांदा, अडीच पानं). ते तिनं लाल शाईनं तपासून परत पाठवलं! "माझी चूक झाली असेल तर" याखाली रेघ, आणि शेरा: निवेदकाची भूमिका डळमळीत. मुळात टेबलावर कागद ठेवले कुणी, हा माझा बिनतोड सवाल, तर विषयांतर. "तुझ्यावाचून दुकान बंद पडलंय" यावर लिहिलंय, उदाहरण खोटं, दादा काल तिथून गेला, दुकान उघडं होतं. (चहाडी करायची तुम्हाला काय गरज होती?) समारोप घाईचा. दहापैकी तीन. वीस वर्षांच्या संसारात मला कुणी नापास केलं नव्हतं! तिला सांगा, मी यापुढे एक ओळ लिहिणार नाही. यायचं तर यावं, नाहीतर बसावं तिथंच परिच्छेद पाडत.

वहिनींना नमस्कार. तुम्हालाही घातलाच आहे वर, नाइलाज होता.

तुमचा,
नापास मेहुणा

ता. क. सोबत निबंध पाठवतोय. तुकडे जुळवून अस्तराच्या कापडावर चिकटवलाय, शुक्रवारच्या आत तिला द्या. चिकटवताना वाचावा लागला. विषय आमचं दुकान. काजं, बटणं, हातशिलाई, चिडलेल्या गिऱ्हाइकाची समजूत, सगळं ती करते असं लिहिलंय. माझ्यावर एकच वाक्य आहे: "पाटी यांच्या नावाची आहे." दोन दिवस त्यात खोट शोधतोय, सापडत नाही. चूक माझी आहे, सांगा तिला. घर खायला उठतंय, हेही सांगा.

आणखी एक. सोमवारी पाटी रंगवणारा येतोय. तिचं नाव वर, मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलंय. खाली माझं राहू द्यायचं का, एवढं तिला विचारून कळवा.