चिमणीपेक्षा पॉइंट एक कमी

३ जून
दवाखान्यातून आलो. डोकं तापलंय. मला टाइप वन डायबेटिस होऊन तीस वर्षं झाली. दादाच्या मुलीला, चिमणीला, जेमतेम एक. वय वर्षं नऊ. डॉक्टरबाई दोघांच्या एकच. आज तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, एचबीएवनसीचे, रिपोर्ट आले. तिची ६.९, माझी ९.१. बाईंनी तिच्या हातावर चमकीचा स्टार चिकटवला. मला म्हणाल्या, असंच चाललं तर डोळ्यांचं काही खरं नाही. अनुभवाला किंमतच नाही!
संकल्प: पुढच्या वेळी ६.८.

४ जून
पहाटे साडेपाचला फिरणं. जेवण वजन करून. दिवसातून सात वेळा बोट टोचणं. आता बघच चिमणे.

५ जून, सकाळी ९
अलार्म वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, मीच बंद केला. शक्य नाही.

१९ जून
मोठा शोध. आकडा चांगला येणार अशी खात्री असेल तेव्हाच टोचायचं. वाईट आकडा बघितला की टेन्शन येतं, टेन्शनने साखर वाढते, हे बाईंचंच वाक्य. मशीनवरची सरासरी आता १२१!

८ जुलै
दादाकडे केक. चिमणीने बोटांवर हिशोब केला, इन्सुलिन घेतलं, मग एक तुकडा खाल्ला. दोन तासांनी १४०. वहिनीने सगळ्यांना मशीन दाखवलं. एवढं काय त्यात? मी दोन तुकडे खाल्ले, इन्सुलिन अंदाजाने. माझी किती, असं तिने विचारलं. टोचलंच नव्हतं. १३२ म्हणून सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या. आगाऊ कार्टी.

२९ ऑगस्ट
टेस्ट आठवड्यावर. आजपासून अर्धपोटी. आयुष्यभर आदल्या रात्री वाचूनच पास झालोय.

५ सप्टेंबर
९.४. लॅबची चूक. बाईंना माझं मशीन दाखवलं. त्यांनी जुने आकडे मागे मागे नेले आणि विचारलं, जेवणानंतरचा एकही कसा नाही? म्हणाल्या, तुम्ही मोजा न मोजा, रक्त तीन महिन्यांचा हिशोब ठेवतं. चिमणी ६.७. पुन्हा स्टार.
माझ्या दंडाला सेन्सर लावला. दर पाच मिनिटांनी आपोआप मोजतो, म्हणजे नसता जाच. आकडे घरच्या कुणाच्या तरी फोनवरही जायला हवेत. बायकोने सरळ सांगितलं, भांडायला तिला नवी कारणं नकोत. मग वहिनीचा फोन दिला. तो कायम कुणाच्या हातात असतो हे लक्षातच आलं नाही.

१२ सप्टेंबर
चिमणीलाही असाच सेन्सर आहे. वहिनीच्या फोनवर तिची रेष सरळ. माझी म्हणजे डोंगरच डोंगर. रेष सपाट करायला दुपारी इन्सुलिन जरा जास्तच मारलं. मीटिंगमध्ये घाम फुटला, हात थरथरायला लागले. एसी बिघडला असेल म्हणून गप्प बसलो. तेवढ्यात वहिनीचा फोन. पण आवाज चिमणीचा. काका, साखर चोपन्न आहे आणि बाण खाली, ज्यूस पी. नको, मीटिंगमध्ये आहे, असं दोनदा म्हटलं. तर म्हणे, घोट ऐकू आल्याशिवाय फोन ठेवणार नाही. आणि रडायलाच लागली. साहेबांसमोर स्ट्रॉने सुर्रसुर्र ज्यूस प्यायलो. अख्खं ऑफिस म्हणतंय, काय हुशार पोरगी! ज्यूस प्यायला कोणी?

२० सप्टेंबर
दवाखाना. आता नवं माप: साखर ठरलेल्या पट्ट्यात किती टक्के वेळ राहिली. चिमणी ७८. मी ४६. बाईंनी तिला स्टार दिला. तिने तो माझ्या सेन्सरवर चिकटवला. म्हणाली, काकाने सांगितल्या सांगितल्या ज्यूस प्यायला.
खोटं आहे. दोनदा नाही म्हटलं होतं मी. आणि तिच्याकडे असे ढीगभर स्टार आहेत, एक दिला तर काय बिघडलं?

रात्री
बायको विचारतेय, आज आंघोळ का नाही केली. पाणी लागून स्टार निघाला तर?