ते दोन्ही फोन माझेच

डॉक्टरबाई,

तुम्हाला सुतारशाळेतून आणि तिथल्या सरांना दवाखान्यातून भेटीचा फोन आला ना? दोन्ही मीच केले, नाक दाबून. काय करणार? तुम्ही दादाचं मन ताळ्यावर आणलंत, पण सुतारशाळेत कामाला घालायचं तर तुम्ही म्हणायचात, "आधी सरांची चिठ्ठी आण," आणि सर म्हणायचे, "आधी डॉक्टरांची." तीन महिने दादा नुसता भिंतीकडे तोंड करून! समोरासमोर बसलात, तर चहा निवायच्या आत त्याला जागा मिळाली.

आता दर मंगळवारी तुम्ही दोघं सगळ्या पेशंटांचं बोलता. दोघांनाही वाटतं, पहिल्यांदा समोरच्यानंच बोलावलं. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

काल दादानं स्वतः केलेलं स्टूल आणलं. एक पाय आखूड आहे, पण आई त्यावरून उठेचना!

तुमच्या पेशंटची आगाऊ बहीण