पत्रिकेत माझे नाव

७ जुलै २०२५, जळगाव
सायबर सुरक्षेच्या पाच महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमास आज प्रवेश घेतला. वय त्र्याहत्तर. खिडकीतील लिपिकाने विचारले, नातवाचा फॉर्म का आबा. त्यास सांगितले की अर्जदार समोर उभा आहे.

कारण नोंदवून ठेवतो. मार्चमध्ये एका तोतया पोलिसाने व्हिडिओ कॉलवर मला ‘अटक’ केली. चार तास मी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवले. शेजारच्या सुगंधाबाई विरजण मागायला आल्या आणि त्यांनी मध्येच फोन बंद केला. अन्यथा मी त्याला पकडून देणारच होतो. माझा मुलगा हितेंद्र मात्र या प्रकाराला फसणे म्हणतो. धुळ्याहून येऊन तो म्हणाला, आबा, एकटे राहणे बस झाले. धुळ्याला चला, आणि हा फोन माझ्याकडे द्या, तुम्हाला बटणांचा पुरे. अखेरीस करार झाला. मी प्रमाणपत्र मिळवायचे आणि तोवर पुन्हा फसायचे नाही. मग घर माझे, फोन माझा. दुसरी अट अपमानास्पद वाटली, म्हणून ताबडतोब मान्य केली.

१४ जुलै
शिक्षिका डिंपल मॅडम, वय सव्वीस. फळ्यावर चार चुका. निदर्शनास आणल्या. त्या म्हणाल्या, सर, आपण आशय बघू या ना. संकल्प: रोज दोन तास अभ्यास. वर्गात दुरुस्त्या सांगणे बंद.

१५ जुलै
दोन दुरुस्त्या सांगितल्या. टाळण्यासारख्या नव्हत्या. अभ्यास उद्यापासून.

२ सप्टेंबर
शिकवल्याप्रमाणे सोळा अक्षरी पासवर्ड तयार केला आणि कोठेही लिहून ठेवला नाही. सायंकाळपर्यंत फोन उघडला नाही. दुकानात नेऊन तो कोरा करून घ्यावा लागला. पासवर्ड आता कव्हरात, चिठ्ठीवर आहे. मात्र चिठ्ठी घडी करून ठेवली आहे.

सुगंधाबाईंना एक नियम शिकवला: क्रमांक अनोळखी असेल, तर समोरचा काहीही नाव सांगो, फोन ठेवावा. तीन वेळा म्हणवून घेतला. त्या म्हणाल्या, हाऊ माले मार्चमाबी माहीत व्हता, गुरुजी. दुर्लक्ष केले.

८ ऑक्टोबर
आजचा धडा: व्हॉट्सॲपवरील खोट्या लग्नपत्रिका. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाअखेरीस ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नसून ॲप असते. उघडताच फोन दुसऱ्याच्या ताब्यात. वहीत लाल शाईने दोनदा अधोरेखित केले. चाचणीत वीसपैकी वीस. मागच्या बाकावरील भूमिकाने विचारले, असल्या फाइली उघडतं तरी कोण. उत्तर मी दिले: अधीर लोक.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
नशिराबादच्या प्रेमराजच्या धाकट्या मुलीचे, दीपमालाचे, लग्न ठरले आहे. सुगंधाबाईंकडून कळले. प्रेमराज माझा चुलतभाऊ. त्याने कळवले नाही. आमच्याकडे पत्रिकेत समस्त भाऊबंदांची नावे वडीलकीच्या क्रमाने छापतात. नाव राहिले वा खाली गेले, तर माणसे मांडवात पाय ठेवत नाहीत. हयात असलेल्यांत मी ज्येष्ठ. पहिले नाव माझेच. चार वर्षांपूर्वी त्याच्या थोरलीची छापील पत्रिका मी एकोणीस दुरुस्त्यांसह परत पाठवली होती. तेव्हापासून प्रेमराज माझ्याशी अतिशय अदबीने वागतो. बोलत नाही.

१२ नोव्हेंबर
पत्रिका वाटणे सुरू झाल्याचे कळते. नावापुढे ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ असेल की नाही, एवढाच प्रश्न उरतो. दाराशी सहज खुर्ची टाकून बसलो होतो. सुगंधाबाई म्हणाल्या, काय देखी ऱ्हायनात गुरुजी, पोस्टमन ते कव्हयच गया. मी हवेसाठी बसलो होतो.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०
व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून ‘लग्नपत्रिका’. अखेरीस एपीके. तत्काळ ओळखले. वही काढून पडताळले. उघडणार नाही.

१०.२५
क्रमांक वरपक्षाचा असू शकतो.

१०.४०
प्रेमराजला स्वतः पाठवण्याचा संकोच वाटला असणार, म्हणून दुसऱ्याकरवी. शिवाय मॅडमचा नियम सर्वसामान्यांसाठी आहे. केवळ पहिले नाव पाहून बंद करीन.

१०.४२
फोनने धोक्याची सूचना दिली. सूचना वाचली. समजली. पुढे गेलो.

१०.५५
पडदा अजून पांढरा. नावे पुष्कळ असावीत. त्यामुळे उघडण्यास वेळ लागत असावा.

११.३०
भिंतीपलीकडून सुगंधाबाई विचारतात, कोनं लगीन शे गुरुजी, तुमनी धाडेल पत्रिका उघडस नही. मी काहीही धाडलेले नाही.

सायंकाळ
माझ्या नावाने ती फाइल दोनशे चौदा जणांना गेली. वर्गाच्या ग्रुपवरही. मॅडमनी कळवले, कोणीही उघडू नका. त्याखाली भूमिकाने दोनच शब्द लिहिले: अधीर लोक. हितेंद्रनेही उघडली, त्याचाही फोन गेला. सहकाऱ्याच्या फोनवरून तो बोलला तेव्हा त्यास खडसावले, तू तरी का उघडलीस. तो म्हणाला, तुम्ही पाठवली होती म्हणून, आबा.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. कराराचा उल्लेख त्याने केला नाही. मीही केला नाही.

२० नोव्हेंबर
प्रेमराज स्वतः दारी आला. हातात अक्षता आणि खरी पत्रिका. चष्मा पुसून उभ्यानेच वाचली. वधू, वर, आईवडील, मुहूर्त, स्थळ. पाठ कोरी. मी काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, भाऊ, यंदा भाऊबंदांची नावंच टाकली नाहीत, कोणाचीच नाहीत. कोण पुन्हा लाल शाईच्या दुरुस्त्या ओढवून घेईल. मग चहा न घेता गेला.

पत्रिकेत एकही चूक नाही. नऊ ओळींत चुकण्यास जागाच नाही.

२९ डिसेंबर, धुळे
प्रमाणपत्र पोस्टाने आले. परीक्षेला हितेंद्रने गाडीने नेऊन आणले होते. लेखी परीक्षेत वर्गात प्रथम. नाव अचूक छापले आहे. पत्ता धुळ्याचा, तो मी दिलेला नव्हता.

ही बातमी जळगावात कोणालातरी कळवावी म्हणून बटणांच्या, नव्या क्रमांकाच्या फोनवरून सुगंधाबाईंना फोन केला. आवाज ओळखीचा वाटला नाही त्यांना. कोन बोलस, म्हणाल्या. मी पूर्ण नाव सांगितले, पदासह. त्या म्हणाल्या, गुरुजीसनं नाव सांगीसन लोके फसाडतस, माले माहीत शे. आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला. उचलला नाही.

नियम त्यांना नीट पाठ झाला आहे.