कटिंग मशीन कोणाला द्यायचं नाही याबद्दल

मी, रेणुका वैजनाथ बिरादार, वय ४७, धंदा छपाई आणि बाइंडिंग, राहणार लातूर, हे लिहून ठेवते. सोमवारी हैदराबादला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दीर शिवशंकर यांनी तो आणायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या इतर कामांसारखाच तोही अर्धवट राहिला.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगी ऋतुजा हिला.

२. हँडल दाबून चालणारा, पाटावरचा हातकटर शिवशंकर भावजींना. तो एका वेळी दहाच कागद कापतो, अकरावा घातला की फाडतो. भावजींच्या धीराचं माप घेऊनच तो बनवला असावा.

३. चाकाचा ट्रिमर ऋतुजाला. धारदार चाक रुळावरून सरकतं, फोटोंच्या आणि पत्रिकांच्या कडा सरळ निघतात. बाळा, कटर घेताना तीन गोष्टी बघ: काय कापायचं, एका वेळी किती, आणि कापणार कोण. दुकानदार पहिल्या दोनच विचारतो. मोठं मशीन असेल तर एक गठ्ठा कापून घे आणि सगळ्यात वरचा कागद सगळ्यात खालच्यावर ठेव. कडा जुळल्या नाहीत तर त्याचा चहा पिऊन परत ये.

४. मोटरचं कटिंग मशीन. याला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात पात्याखाली राहूच शकत नाही. २०१९ च्या लग्नसराईत भावजींनी एक बटण पॅकिंगच्या टेपने कायमचं दाबून टाकलं. "वहिनी, एका हातानं दुप्पट काम निघायलंय," असं मला अभिमानाने सांगितलं. तिसऱ्या दिवशी, एक हात गठ्ठा सावरत असताना, सरजाबाईंची उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या बारा वर्षं ते मशीन चालवत होत्या, साधा ओरखडा आला नव्हता.

कामगार कार्यालयाचा चौकशीचा माणूस यायच्या आधी भावजींनी टेप काढली आणि "कामगार महिलेच्या निष्काळजीपणामुळे" असा जबाब लिहिला. ज्यांना पट्टी धरून सरळ रेघ मारता येत नाही, त्यांनी तो जबाब मात्र एका दमात लिहिला. खाली मालक म्हणून सही माझी आहे. भावजी भित्रे आहेत. मी भित्री नव्हते, मला फक्त सीझनमध्ये दुकान बंद नको होतं. हे भित्रेपणाहूनही वाईट.

तो जबाब खोटा होता. टेप मी पाहिली होती. याची एक प्रत आजच त्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने जात आहे. माझ्या मरणाची वाट कोणी पाहू नये. सहा वर्षं पुरे झाली.

मशीन मी सरजाबाईंच्या नावे लिहिलं होतं आणि या कागदावर साक्षही त्यांचीच घेणार होते. काल वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नका, उद्या भावजी वाद घालतील; दोन्हीतलं एक निवडा. मी काही बोलायच्या आत सरजाबाई म्हणाल्या, "मशीन ऱ्हाऊ द्या ताई. मागच्या जबाबाच्या कागदावर समद्यायच्या सह्या व्हत्या, माजीच न्हवती. मला सही करू द्या."

"अहो, मशीनवर तुमचं पोट चालेल."

"पोट कुठंबी चालतंय. सही कुठं करू ते सांगा."

म्हणून मशीन ऋतुजाला. दोन्ही बटणं चालत असतील तरच ते सुरू करावं. एक जरी बिघडलं तर भंगारात द्यावं, पण भावजींना देऊ नये.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लातूर, १८ नोव्हेंबर २०२५

(सही) रेणुका वैजनाथ बिरादार

साक्षीदार १: (सही) संगप्पा चंद्रप्पा स्वामी, पात्यांना धार लावणारे, उदगीर

साक्षीदार २: (सही) सरजाबाई व्यंकटी सोनकांबळे, कटिंग ऑपरेटर, लातूर. सही डाव्या हाताची. वेळ लागला, वकिलांसह सगळे थांबले.