चिपाडाचं ठेसन

सोलापूर
गौरी जाऊन चौथा दिवस, सन १९३४

चिरंजीव रावजीस मुक्ताअक्काचा आशीर्वाद.

हितं समदं ठीक. जेऊरला पाऊसपानी कसं हाय, पोरं बरी हायेत का, तुजी बायकू गुडघा धरून बसली हुती ती उठली का, हे कळव. अक्षर वाकडं हाय. दुसरीपतूर शिकलेल्या बाईचं येवडंच असतंया. वाचून घे.

तुज्या चिपाडाच्या इंजनाला मुंग्या लागल्या हे वाचून मला हासू आलं. किती येळा सांगितलं, ज्वारीच्या ताटाचा गाभा गोड असतो, वाळला तरी गोड ऱ्हातो. चिंचोक्याच्या खळीत मोरचूद घाल, मंग बघ एक मुंगी फिरकती का. तू ऐकत न्हाईस. लहानपनीबी ऐकत नव्हतास. बैलगाडीची चाकं आदी कर म्हनलं की तू आदी बैलाची शिंगं करायचास.

माजी कळा ऐक. ठेसनाचं छप्पर झालं हुतं. चिपाडाची साल नखानं सोलून, एकाला एक लावून, बाभळीच्या काट्यांनी टाचून. बारा दिस लागले. वाळाया उंबऱ्यात ठेवलं नि पानी भराया गेले. आले तर शेजारच्या रत्नम्माची शेळी उबी, तोंडात माजं छप्पर. मी वरडले, "रत्नम्मा, तुजी शेळी माजं ठेसन खाऊन गेली!" तर ती बया बाहीर येऊन काय म्हनती, "अक्का, कडबाच की त्यो. शेळीला काय ठावं ठेसन कुटलं? तिनं कदी तिकीट काढलंय?" आन वर हासती. मला म्हनती, ह्या वयात भावलीचा खेळ मांडलाय. मी म्हनलं, तुला न्हाय कळायचं, तू शेळी बांध.

आता छप्पर पुन्यांदा करते. त्यासाठी माप पुन्यांदा घ्यावं म्हनून परवा खऱ्या ठेसनावर गेले. आबांची मापाची काडी माज्याजवळ नीट हाय. तुजी अर्दी जपलीस न्हवं? तिच्यावर आबांनी कोरलेली बोटं हीच आपली बोटं, हातावरली धरू नको. मानूस म्हंजी चार बोटं. खांबाजवळ मानूस उबा करायचा, खांब किती मानसं उंच हाय ते बघायचं नि तेवडी चार-चार बोटं काडीवर मोजायची. आबा सोता उबं ऱ्हायचं. आबा गेल्यावर तुजं दाजी. तू नि ते एका उंचीचं, तुज्या लग्नात आबांनी पाटीला पाट लावून बगितलंया. म्हनून तुजं माप तितं तू घे, माजं हितं मी घेते, दोनी जुळतील. तर रुळात उतरून पलाटाचं माप घेतलं. पोर्टर लई बोंबलला, "ओ बाई, वर या, मालगाडी यायचीया!" त्याला म्हनलं, येऊ दे, तिचंबी माप घेते.

दाजी बरं हायेत. कामाला जात्यात.

दिवाळीपतूर तुजी गाडी नि माजं ठेसन दोनी झाली पायजेत. कुटं मांडायची ते तू ईचारत न्हाईस, मी सांगत न्हाय. तीन वर्सं आपन चिपाडाबिगर कशावर बोललो न्हाय. बरं चाललंय.

अक्का


सोलापूर
नवरात्र, तिसरी माळ

चि. रावजीस आशीर्वाद.

तुजा डबा कल्लप्पा हमालानं आनून दिला. टोपलीत गवत घालून धाडलास ते बरं केलंस, एक काटाबी हाललेला न्हाय. खिडक्या मी पुन्यांदा पुन्यांदा उगडून बगितल्या. येवडी बारकी खिडकी आन तिला उगडती झाप! तुज्या हातात आबा हायेत. रत्नम्माला दावला. तिनंबी एक खिडकी उगडून बगितली. म्हनली, "अक्का, ह्याला बघून माजी शेळीबी तिकीट काढंल." शेळी आता बांदून असती.

आता वंगाळ ऐक. तुजं माप चुकलंय.

डबा रुळावर ठेवला. दाराखालची पायरी पलाटाच्या बरोबरीनं याया पायजे का न्हाय? ती पलाटाखाली दडली. उतरनारा मानूस तंगडी मोडून घील. वर बगितलं तर डब्याचा टप नि छप्पर यांच्यात निसतं आभाळ. समदा डबा ठेसनात असा दिसतोय जसा मोट्या मानसाच्या अंगरख्यात पोरगं. मी दोनदा काडी लावली. माजं छप्पर, माजं पलाट, माजे खांब, समदी एकमेकाला धरून हायेत. म्हंजी खोट तुज्याकडं हाय. रेल्वेत सांदेवाला झालास, रुळाचं सांदं बदलतोस, रोज गाड्या बघतोस, आन डब्याची उंची चुकतोस? डोळं कुटं असत्यात?

नवा डबा कर. दिवाळीला अजून येळ हाय.

मी लई लिवत न्हाय. दिसभर दोरा गुंडाळून आले की बोटं बधिर हुत्यात, लेखनी धरवत न्हाय. तरी रोज दिवा लागायच्या आत घटकाभर ठेसनाजवळ बसते. तिकिटाची खिडकी झाली. घंटा झाली, सदऱ्याच्या पितळी बुतामाची. पलाटावर बाकडं केलं. बाकड्यावर बसवाया एक बाई केली. पुरुष दोनदा केला, दोनदा मोडला. ऱ्हाऊ दे म्हनलं.

अक्का


सोलापूर
कोजागरीच्या आदला दिस

रावजीस आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. "अक्का, माजं माप बरोबर हाय, मी चारदा घेतलं. तू दाजीला खांबाजवळ पुन्यांदा उबं कर नि मोज." हे तू लिवलंस.

दाजीला येळ न्हाय.

मोट्या भनीला मोजाया शिकवू नको. मी तुला कडंवर घेऊन पानी भरलंय. चाक कसं कापायचं ते माज्या मांडीवर बसून शिकलास.

दाजीला येळ न्हाय, आन ठेसनावर सारकं कोन जानार. डबा मोटा कर, न्हायतर गाडी तुज्याकडंच ठेव. ठेसन गाडीबिगर ऱ्हाईल. किती तरी ठेसनं असत्यात, गाडी थांबत न्हाय.

अक्का


सोलापूर
आसवीन वद्य, दिवाळीला आट दिस

रावजी,

मागलं पत्र फाडून टाक. ह्या पत्रात वर आशीर्वाद लिवायचा ऱ्हायला. आता घे. लई आविष्याचा हो.

तुजं माप बरोबर हाय. माजं चुकलंय. मी आविष्यात हे किती येळा लिवलंय ते तुला ठावं हाय, म्हनून ह्या कागदाची घडी नीट ठेव.

खांबाजवळ दाजी उबं नव्हतं. मी उबी हुते. काडी हातात धरून मीच रुळात उतरले, मीच खांबाला पाट टेकवली, डोक्यावर हात धरून मीच कोळशानं खूण केली. त्या पोर्टरनं "ओ बाई" म्हनून हाक मारली ती मलाच. तितं दुसरं कुनी नव्हतं हाक माराया. मी दाजींच्या खांद्याला लागते हे मला ठावं नव्हतं का? ठावं हुतं. पर खूण करताना वाटलं, मानूस म्हंजी मानूस, चार बोटं धरू. बुटक्या मानसानं मोजलं की खांब उंच हुतो. समदं ठेसन उंच झालं. तुला शिव्या घातल्या.

आता नीट लिवते. महिपती घरात न्हाय.

बघ, नाव लिवलं. पंचवीस वर्सांत उखान्याबिगर तोंडात घेतलं न्हाय. लिवून हात झडला न्हाय.

आखाडात गेला. मैंदर्गीला. ती तुला ठावं असलेलीच बाई. मिरच्यांचं दुकान हाय तिचं. कानडी बोलती. जाताना वळकटी नेली, कंदील नेला, भिंतीवरचा आरसा काडून नेला. मी चुलीम्होरं बसले हुते. म्हनला, "जातो." मी म्हनलं, "जेवून जा." का म्हनलं तसं? आजूनबी कळत न्हाय. भाकरी तव्यावर हुती म्हनून आसंल. जेवला न्हाय.

मी कुनाला सांगितलं न्हाय. रत्नम्माला कळलंय, भिंतीला कान लावून ऱ्हाती ती, पर बोलत न्हाय. रोज येऊन शेळीवरच बोलती. श्रावनात गिरनीत लागले, वायंडिंगला, दोरा गुंडाळाया. भोंगा झाला की जाते, भोंगा झाला की येते. घरात आले की कुनी काय म्हनत न्हाय, आन मीबी कुनाला काय म्हनत न्हाय. मला गप बसायची सवं न्हाय हे तुला ठावं हाय. घागर आपटली तरी बरं वाटतंया. एका मानसाची भाकरी करायचा हात अजून बसला न्हाय, रोज एक उरती. मंग ती शेळीला.

तुला का सांगितलं न्हाय, ते तुला ठावं हाय.

तीन वर्सांमागली भाऊबीज. तू पाटावर बसला हुतास. निरांजन पेटलं हुतं, ताट माज्या हातात हुतं. तू खाली मान घालून म्हनलास, "अक्का, दाजी मैंदर्गीला जात्यात. गाडीवरची मानसं बघत्यात. तू डोळं उगड." आन मी म्हनलं, "ऊट पाटावरनं." भाऊबीजेच्या पाटावरनं भावाला न ओवाळता उटवलं. आनि काय काय म्हनलं. दारात पाय ठेवू नको म्हनलं. तू टोपी घातलीस नि गेलास. तू आनलेला खन तसाच घडीत हाय. शिवला न्हाय, कुनाला दिलाबी न्हाय.

सा म्हैन्यांनी कल्लप्पा आला नि चिपाडाचं एक चाक माज्या हातावर ठेवून गेला. चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय. त्या दिशी मी दुसरं चाक केलं, त्याच मापाचं. आट दिसांनी तुला धाडलं. तवापासनं हे चाललंय. चाकाबिगर तू काय धाडलं असतंस तर मी परत धाडलं असतं. हे तू कसं वळखलंस रं?

एक ईचारते. "दाजीला पुन्यांदा उबं कर" हे लिवताना तुला ठावं हुतं का? तू रेल्वेतला मानूस. मैंदर्गीला जायला अक्कलकोट रोडावर कोन उतरतंय, कोन चडतंय, हे तुज्यापतूर येतंच. ठावं असून लिवलं आसशील तर लई वंगाळ हायेस. ठावं नसंल तर आता कळलं. दोनी एकच.

आता कामाचं. ठेसन मी मोडनार न्हाय. एकदा शेळीनं खाल्लं, आता हातानं मोडून घालायचा जीव हुत न्हाय. हिशेब करून बगितला. मी मला साडेतीन बोटं भरते. ह्या ठेसनात उबी ऱ्हायले की मात्र मीच चार बोटं, मीच पुरा मानूस. पहिल्यांदा वंगाळ वाटलं. आता ऱ्हाऊ दे म्हनते. खांब माज्या उंचीनं मोजलेत, पलाट माज्या कमरंनं मोजलंय. बाकड्यावर बाई बसलीया तीबी बरुबर बसलीया.

डबा तुला नवा कराया लागंल, माज्या मापाचा. त्यासाठी मला मोजाया लागंल. ते पत्रातून व्हायचं न्हाय, मी पुन्यांदा कायतरी चुकीचं लिवून धाडीन. तुजी अर्दी काडी घेऊन ये. आबांनी एकाच बांबूची चिरलीया, दोनी जोडून बगू बोटं जुळत्यात का.

कवा यायचं ते मी सांगायला नको. सकाळची गाडी तुला ठावं हाय. त्या दिशी गिरनी बंद हाय. खन बाहीर काडलाय, उनात घातलाय, कुबट वास येत हुता. रत्नम्माला सांगितलंय, त्या दिशी शेळी घट बांद, मोटं काम हाय.

तू आला न्हाईस तर मी रागावनार न्हाय. रागावायला घरात कुनी लागतं.

आलास तर आदी पाटावर बस. मोजायचं मागनं.

तुजी,
साडेतीन बोटं भरलेली,
अक्का