मिरची होती की नव्हती

नागपूर, ९ जानेवारी १९७४

प्रिय जया,

सावनेरच्या शाळेत रुजू होऊन तुला आठवडा झाला. खोलीवर पाणी येतं का, कळव. इकडे सगळे खुशाल. मीच तेवढी सकाळपासून दोनदा पोथी उघडून तोच अध्याय वाचून उठले.

काल लकडगंजहून तुझ्या होणाऱ्या सासरचे पत्रिकेचा मजकूर घेऊन आले होते. चहा घेता घेता तुझ्या बाबांनी माझ्या रुख्मिणीआजीची गोष्ट काढली. तुला पाठच आहे ती. ऐंशी वर्षांपूर्वी मुलगी बाप ठरवी, मुलाला ती अंतरपाट सरल्यावर दिसे. रामाजी आजोबा पडले नवे मास्तर. आधी पाहीन म्हणून अडून बसले. भिवापूरभर हसू झालं. पारावरचे म्हातारे म्हणाले, “तुह्या बापानं पाहिली नं, मंग तू काहून पाहून राहिला गा? बैल घेतं का?” तरी ते पाहायला गेलेच, तर अंगणात आजी डोळे पुसत बसलेली. पोरगी राजी नाही असं समजून मास्तर आल्या पावली परत. ‘राजी नाहीस का?’ असा त्यांनी मागून पाठवलेला निरोप ऐकून आजी फणकारली, “मी मिरच्या खुडून राहिली होती. रडाले मले सवड कुठं हाय?” मग आजोबा पुन्हा आले, टोपलंभर मिरच्या स्वतः खुडल्या, घळाघळा रडले आणि मगच हो म्हणाले.

लकडगंजवाले पोट धरून हसले. रवींद्रची आई मला म्हणाली, “आमी पाहाले आलो तवा आमच्याही सुनेचे डोळे लालच होते नं वं?” मीही हसले. पण कप तसाच उचलून आत गेले.

कारण ‘पोरगी सकाळपासून मिरच्या खुडते आहे’ हे त्या दिवशी मीच म्हटलं होतं. तेही एकादशीला, देवघराच्या दारात उभी राहून. आपण वर्षाचं तिखट होळीनंतरच करून ठेवतो. घरात खुडायला एक मिरची नव्हती.

सगळे हसून झाले की आजी हळूच म्हणायची, “हसा लेकहो. पण त्यानं इचारलं तं सही.” तुला गोष्ट सांगताना एवढं वाक्य मी नेहमी गाळलं.

पत्रिका शनिवारी छापखान्यात जायची आहे. मजकूर मी पोथीत दडवलाय, बाबा शोधताहेत. पाकिटात पत्ता घातलेलं कोरं कार्ड आहे. त्यावर एवढंच लिही, मिरची होती की नव्हती. बाबांनी वाचलं तरी स्वयंपाकाचं काही असेल म्हणून ठेवून देतील. ‘नव्हती’ असं आलं, तर लकडगंजला काय सांगायचं ते मी पाहीन.

तुला विचारायला उशीर झालेली तुझीच,
आई