रंग तळाशी होता

दि. १४ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात धजला नाही. तेव्हा नुसतंच दादा. बावीस वर्षांनी माझं अक्षर ओळखलंस का? नसशील तर वहिनीला दाखव, ती ओळखेल. तिचे गुडघे कसे आहेत? हल्ली जिना उतरत नाही असं कानावर आलं. तिला माझा नमस्कार सांग.

मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, केस निम्मे पिकलेत, पण हात अजून स्थिर आहे. तुझा थरथरतो असं ऐकलं. ऐकलं म्हणजे, तूच आमच्या मालकांना फोनवर सांगितलंस.

हो, आमच्या मालकांना. तू तुझा नीलमाचा खडा ज्या कारखान्यात पाठवलास, तिथेच मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या पैलू पाडायच्या चाकावर मी सतरा वर्षं बसते. सगळे मला मावशी म्हणतात, त्यामुळे माझं नाव तुझ्यापर्यंत यायचं काही कारण नव्हतं. तुला वाटत असेल, ही कुठेतरी कपडे शिवत असेल.

तू खडा एवढ्या लांब का पाठवलास, ते लगेच कळलं. कारागीर संघ तुझा सत्कार करणार. ज्या खड्यानं तुझं नाव झालं, तो काचेच्या पेटीत दिव्याखाली मांडणार. घरी दिव्याखाली धरून बघितलास आणि मन खट्टू झालं, कारण तो निळाशार दिसतो पण लखलखत नाही. गावात कुणाकडे दिला तर आपल्याच खड्याला दुसऱ्याचा हात का, असं विचारतील. म्हणून ही पुडी, आणि आत चिठ्ठी: 'तळ फार जाड आहे. घासून उतरवून घ्या. चमक वाढली पाहिजे.'

मालकांनी पुडी माझ्यासमोर सोडली तेव्हा मी पाणी पीत होते. पेला खाली ठेवला.

"काय झालं, मावशी?"

"ओळखीचा आहे."

"खडा की पाठवणारा?"

"खडा," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, अर्धंच खरं होतं.

दादा, तो कच्चा खडा आला तो दिवस तुला आठवतो? नसेल आठवत, तू बघायलाही थांबला नव्हतास. पाण्यासारखा बिनरंगी, आणि एका कडेला मसुरीच्या डाळीएवढा निळा डाग. तू म्हणालास, "याचे तुकडे करून टाका, निळा तेवढा ठेवा." बाबांना तेव्हा धड दिसत नव्हतं. मी खडा मागून घेतला. तीन दिवस पाण्याच्या वाडग्यात ठेवून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग तो डाग बरोबर तळाच्या टोकाशी येईल असा काडीवर लाखेनं बसवला. प्रकाश माथ्यातून आत शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि परत वर येतो. येता-जाता त्या निळ्या थेंबातून गेला की अख्खा खडा निळा दिसतो. थेंब एवढासा, पण वरून बघणाऱ्याला वाटतं, आत डोह आहे.

फक्त त्यासाठी तळ जाड ठेवावा लागतो. जाड तळ थोडा प्रकाश गिळतो, चमक कमी होते. रंग हवा तर चमक थोडी सोडायची, हा हिशेब मी सहा आठवडे घासता घासता शिकले. तुला कायम दोन्ही हवं असायचं.

खडा तयार झाल्यावर तू तो बाबांच्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालास, "मी केला." मी दारात उभी होते. नंतर मला म्हणालास, "आत्ता दुकान माझ्या नावावर होऊ दे, मग मीच सांगेन. तुझं कुठे काय जातंय?" मी गप्प बसले. दुकान तुझ्या नावावर झालं. वर्ष गेलं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरीचा हात झिलईपुरता बरा, पण पैलू पाडावेत ते पोरानं." शेवटी मी तुला म्हटलं, तू सांगत नाहीस तर मी सांगते.

दुसऱ्याच दिवशी एक छोटा पुष्कराज हरवला आणि तो माझ्या जेवणाच्या डब्यात सापडला. तो तिथे कसा आला, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. बाबा खाटेवरून एवढंच म्हणाले, "माझ्या घरात चोर नको." माझ्याकडे तोंड केलं होतं त्यांनी, पण डोळे भलतीकडेच लागले होते. चार महिन्यांनी ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं, तेही वहिनीच्या पत्रातून.

गावातल्या एकाही कारखान्यानं मला चाकाला हात लावू दिला नाही. तू सगळीकडे जाऊन आला होतास.

असो. तुझ्या कामाबद्दल लिहिते.

मी मालकांना सांगितलं की हा तळ उतरवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, रंग तळात असू शकतो. भले गृहस्थ आहेत, त्यांनी लगेच फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बावीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला. तू हसलास.

"कोण तुमचा कारागीर? अहो, माझ्या हाताने पाडलेत मी ते पैलू! माझ्या खड्यात रंग कुठे आहे ते मला विचारता? माथ्यापासून तळापर्यंत निळा आहे तो. उतरवा बिनधास्त."

"मग तसं सहीनिशी लिहून पाठवा," मालक म्हणाले. तू दोन दिवसांत पाठवलंस. ठळक अक्षरात, खाली लफ्फेदार सही.

मालकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "ज्याचा खडा त्याची मर्जी. तुम्ही काय म्हणता?"

इथवर मी साळसूदपणे लिहीत आले. पण आता खरं लिहिते. फोन चालू होता तेव्हा मी हातभर अंतरावर होते. 'दादा, मी बोलतेय, थांब' एवढंच म्हटलं असतं तर तू थांबला असतास. आवाज ऐकताक्षणी सगळं उमगलं असतं तुला. शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला, आणि गिळताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणाचा तळतळाट लागतो वगैरे मी मानत नाही. तुझी सही पुरेशी होती.

सकाळच्या उजेडात काम केलं. निळा थेंब चाकावर गेला तेव्हा हात हलला नाही. नवे पैलू अगदी नेमक्या कोनात बसवलेत, आत गेलेला प्रकाश जवळजवळ सगळा परत येतो. एवढं नेटकं काम मी यापूर्वी कधी केलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले आणि जेवण गेलं नाही. तो निळा खडा माझ्या हातची सगळ्यात चांगली वस्तू होती. मी केली याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता.

पुडी सोबत आहे. तुझा उतावळा स्वभाव मला माहीत आहे, उघडून झाली असेल. खडा लखलखतोय ना? चिठ्ठीत मागितली होतीस तशीच चमक आहे. पेल्यातल्या पाण्याइतका बिनरंगी आहे, एवढंच.

सत्काराला लोक विचारतील, रंग कुठे गेला? निम्मं सभागृह पैलू पाडणाऱ्यांचं असेल. स्वतः पैलू पाडलेल्या खड्यात रंग कुठे ठेवला हे कुठलाही कारागीर विसरत नाही, हे त्यांना तुझ्या-माझ्याइतकंच माहीत आहे. खडा दाखवलाच नाहीस तर का नाही, ते विचारतील. आमचे मालक पहिल्या रांगेत असतील, संघाचं आमंत्रण त्यांना आलंय. तुझा सहीचा कागद त्यांच्या कपाटात आहे. त्यांनी तो काढावा असं मी म्हटलेलं नाही. काढू नये असंही नाही.

बाबांना जे सांगायचं राहिलं, ते त्या दिवशी चारचौघांत सांगून मोकळा हो. नाहीतर गप्प बस, आणि लोकांना आपापसांत बोलू दे. मला दोन्ही चालेल.

वहिनीला जप.

तुझी बहीण,
या खड्याची दोन्ही वेळची कारागीर